कुंदाचं नाक

त्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा बसतो त्यावर,
पण हिंगाची डबी उघडा नाहीतर फिनेलची बाटली,
आत सगळं कोऱ्या कागदासारखं.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
कधी, ते नाही म्हणाले.

भोसरीचं वर्कशॉप विकल्यावर
एकच हौस ठेवली होती मी:
महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॅम्पात जायचं,
सद्रंगाणीच्या दुकानात अर्धा तास रेंगाळायचं,
एक बाटली घ्यायची. एकच.
बिबवेवाडीच्या घरी, कपाटाच्या खालच्या खणात,
इन्कम टॅक्सच्या फायलींमागं
अशा नऊ उभ्या आहेत.
एक गोव्याची, एक बंगळूरची,
एक विमानतळावरची,
जिची किंमत कुंदाला मी निम्मी सांगितली.

आता जिभेला कळतो फक्त चटका.
बारा वर्षं पिंपात झोपून आलेली
आणि कोपऱ्यावरच्या बारमधली क्वार्टर,
माझ्या घशाला दोघी सख्ख्या बहिणी.

एका शनिवारी ग्लास धरून नुसता बसलो होतो.
कुंदा मटार सोलत होती. वर न बघता म्हणाली,
"आणा इकडे."
चाळीस वर्षं या वासाला जिनं खिडकी उघडली
तिनं ग्लासात नाक घातलं,
दूध नासलंय का बघते, तसं.
मग म्हणाली,
"रेशनच्या दुकानातलं रिकामं पोतं.
खाली कुठंतरी जायफळ."
मी थांबलो.
"आणि सादळलेली काडेपेटी."
पुन्हा मटार.

खोक्यावर छापलं होतं: मध, ओक, समुद्राची हवा.
वीस वर्षं मी तेच वाचत आलो,
तेच मित्रांपुढं म्हणत आलो, डोळे मिटून.
समुद्राची हवा!
धनकवडीत वाढलेला माणूस मी.

त्या रात्री नऊच्या नऊ उघडल्या.
ती सांगत गेली, मी वीजबिलामागं लिहीत गेलो.
गोव्याची: फणस, पण शेजारच्यांच्या घरात कापलेला.
बंगळूरची: जूनमधलं नवं दप्तर.
विमानतळावरची हुंगली आणि गप्प झाली.
"आयोडीन," म्हणाली. "बाबांचा पाय. ड्रेसिंग."
जरा वेळानं,
"ही कितीची म्हणालात?"
मी खरा आकडा सांगितला.
"ससूनमध्ये फुकट मिळायचा हा वास."

खडकवासल्याचे चार थेंब टाकले नळाखालून,
म्हटलं, आता बघ.
तिनं पाहिलं.
"हं. टाके काढले."

तेव्हापासून दुकानात ती बरोबर येते.
सद्रंगाणीला म्हणाली, उघडून दाखवा की.
तो म्हणाला, भाभी, सील असतं.
"लक्ष्मी रोडला साडीची घडी मोडून दाखवतात,
न घेता आलो तरी चालतं."
त्यानं शेवटी आतून स्वतःची अर्धी बाटली आणली.
काचेच्या कपाटातल्या महागड्या तिनं बघितल्याही नाहीत.
खालच्या फळीवरची एक उचलली, नऊशेची,
कारण रंग तिच्या आईच्या चहासारखा होता.
घरी येऊन बूच काढलं, म्हणाली,
"मे महिन्यातली शाळा. कुलूप लावलेली."

ती पीत नाही. एकदा जीभ लावली,
तोंड केलं, गूळ खाल्ला.

मी एक घोट घेतो, चटका बसू देतो,
मग बिलामागचं वाचतो
आणि त्या बंद शाळेच्या व्हरांड्यात
एकटाच फिरून येतो.

परवा मात्र ग्लास तोंडाशी नेताना
क्षणभर पोत्यासारखं काहीतरी आलं.
खरंच आलं, की वाचून वाचून आलं,
सांगता येत नाही.
दुसऱ्यांदा हुंगलं तर काही नव्हतं.
कुंदाला अजून बोललो नाही.
शनिवार तर येऊ दे.